केळीच्या वायूपासून तणाच्या शास्त्रापर्यंत : हान्स मोलिश

विशेष प्रतिनिधी

जळगाव : रावेर-यावलची केळी बंद खोलीत इथिलीन वायूवर पिकवली जाते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. याच वायूच्या अभ्यासातून तणाविरुद्धच्या एका शास्त्राचे नाव जन्मले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. ते नाव देणाऱ्या हान्स मोलिश यांची आपली ओळख प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत उमटणाऱ्या जांभळ्या कड्यापुरतीच. शर्करा ओळखण्याची ती चाचणी त्यांचीच.

मोलिश यांचा जन्म ६ डिसेंबर १८५६ रोजी ब्रुन (आजचे ब्रनो) येथे बागवानाच्या घरी झाला. मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग केले, ते हेच गाव. व्हिएन्नात शिक्षण, ग्राझ व प्राग येथे अध्यापन आणि १९०९ पासून पुन्हा व्हिएन्ना असा त्यांचा प्रवास झाला. मध्यंतरी ते जपानमध्येही शिकवून आले. निवृत्तीनंतर १९२८ मध्ये ते कोलकात्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत दाखल झाले. त्या वयात माणसे सहसा घर धरून बसतात!

खरे मोठे काम तर ऐंशीच्या उंबरठ्यावर झाले. काचेच्या हंडीखाली पिकलेल्या सफरचंदाशेजारी वाटाण्याची कोवळी रोपे ठेवली की ती खुंटत, जाड होत. फळातून निघणारा इथिलीन हे त्याचे कारण. एक वनस्पती दुसरीवर रसायनांद्वारे जो परिणाम करते, त्याला त्यांनी १९३७ च्या ग्रंथात 'अ‍ॅलेलोपथी' म्हटले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

तणनाशकाचा विचार त्यांच्या मनात नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ती वाट पुढच्यांनी शोधली. ज्वारीच्या मुळांवरील केसांतून सॉर्गोलिओन नावाचा तेलकट द्रव पाझरतो आणि तणाच्या कोवळ्या रोपांचे प्रकाशसंश्लेषण रोखतो, हे १९८० च्या दशकानंतर उलगडत गेले. धुळे-जळगावच्या काळ्या जमिनीत दादर पेरणाऱ्या आणि निंदणीला मजूर शोधत फिरणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही गोष्ट पुस्तकी नाही. अर्थात वाणानुसार या द्रवाचे प्रमाण बदलते, आणि केवळ त्याच्या भरवशावर निंदणी सोडणे परवडणारे नाही.

शिवाय हे शस्त्र एकट्या पिकाकडे नाही. बांधाबांधावर माजलेले गाजर गवतही पार्थेनिनसारखी रसायने सोडून शेजारच्या रोपांना उगवू देत नाही.