पहिल्या मिनिटाचे गुणपत्रक

बाळ जन्मल्यावर लगेच रडले का, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी आजही आधी विचारतात. रडणे म्हणजे श्वास सुरू झाल्याची खूण. पण नवजात बाळाची अवस्था केवळ रडण्यावरून ठरत नाही. ती नेमकेपणाने कशी पाहायची, हे जगाला शिकवले डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी.

त्यांचा जन्म १९०९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. एक भाऊ लहानपणीच क्षयाने दगावला. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि शस्त्रक्रियेकडे वळल्या. मात्र आर्थिक मंदीच्या त्या काळात स्त्री सर्जनचा जम बसणे अवघड होते. विभागप्रमुखांच्या सल्ल्यावरून त्यांनी भूलशास्त्र निवडले. तेव्हा भूल देणे हे प्रामुख्याने परिचारिकांचे काम मानले जाई. १९३८ पासून त्यांनी कोलंबियात हा विभाग उभा केला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला, तेव्हा प्रमुखपद एका पुरुष डॉक्टरकडे गेले. अ‍ॅपगार प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी प्रसूतिगृहाकडे लक्ष वळवले.

तिथे एक गोष्ट त्यांना खुपत होती. अमेरिकेत बालमृत्यू घटत होते, पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू तसे कमी होत नव्हते. प्रसूतीनंतर सगळ्यांचे लक्ष आईकडे असे. निळसर, मलूल बाळ जगणार नाही असे समजून अनेकदा त्याच्यासाठी फारसे प्रयत्नच होत नसत.

अ‍ॅपगार यांनी पाच गोष्टी निवडल्या : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला किंवा टोचण्याला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. ठोके मिनिटाला १०० पेक्षा जास्त असतील तर २ गुण, कमी असतील तर १, ठोकेच नसतील तर शून्य. यंत्र नको, खर्च नको. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध झाली. गुण प्रसूती करणाऱ्या डॉक्टरने देऊ नयेत, असाही त्यांचा आग्रह होता. आपल्या हातून जन्मलेल्या बाळाला कोण कमी गुण देईल?

याचा परिणाम खोलवर झाला. गुण द्यायचे म्हणजे बाळाकडे नीट पाहणे आलेच, आणि पाहिले की मदतही होऊ लागली. आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हेही तपासता येऊ लागले. सायक्लोप्रोपेन वायूमुळे बाळे मलूल होतात असे दिसल्यावर अ‍ॅपगार यांनी तो आवडता वायू वापरणे सोडून दिले.

१९५९ मध्ये, पन्नाशीत, त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि पुढची वर्षे जन्मजात व्यंगांविषयीच्या कामाला वाहिली. व्हायोलिन, चेलो अशी वाद्ये त्या स्वतःच्या हातांनी बनवत. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज जन्मानंतर एका मिनिटाने आणि पुन्हा पाच मिनिटांनी हे गुण मोजतात. ७ ते १० गुण समाधानकारक मानले जातात. पूर्ण १० क्वचितच मिळतात, कारण सुरुवातीला हात-पाय निळसर असणे स्वाभाविक असते. श्वास घेत नसलेल्या बाळाला मदत करण्यासाठी मात्र गुणांची वाट पाहत नाहीत. बाळ पुढे किती हुशार निघेल, हेही या गुणांवरून कळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पहिल्या मिनिटाचे गुण कमी दिसले तरी पालकांनी धास्तावू नये. पाचव्या मिनिटाचे गुण पाहावेत आणि शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारावे. त्या क्षणी बाळाला किती मदत हवी होती, एवढेच ते आकडे सांगतात.