तंजावरचे दिवाण घराणे आणि राजा सर टी. माधवराव

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा चिटणीसांचा आग्रह झाला, तेव्हा परप्रांतात नावारूपास आलेल्या एका मराठी घराण्याचे स्मरण करावे असे आम्ही योजिले. पोटापाण्यासाठी घर सोडलेल्या आपणा सर्वांस या घराण्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात मात्र या घराण्याचे नाव फारसे कोणाच्या कानी नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरी भोसल्यांची गादी स्थापिली आणि तिच्या आश्रयाने अनेक देशस्थ कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. त्यांनी बाहेर तमिळ आत्मसात केली, पण घरातली मराठी टाकली नाही. पुढे राज्य क्षीण झाले, तेव्हा या मंडळींपैकी अनेकांनी हिशेब, कायदा व महसूल यांतील ज्ञानाच्या बळावर दक्षिणेतील संस्थानांत नोकऱ्या पत्करल्या. अशाच एका कुटुंबातील व्यंकटराव व रंगराव हे दोघे बंधू एकामागून एक त्रावणकोर संस्थानचे दिवाण झाले. २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम् येथे जन्मलेले माधवराव हे या रंगरावांचे चिरंजीव.

त्यांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली झाले. गणित व विज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. नोकरीची सुरुवात मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत झाली, हे वाचून आमच्यासारख्या सरकारी नोकरास विशेष जवळीक वाटते. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथून ते महसूल खात्यात गेले आणि १८५८ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच, दिवाणपदी कायम झाले. वडील व चुलते ज्या आसनावर बसले होते त्याच आसनावर ते बसले. पण ते आसन तेव्हा काटेरी होते. तिजोरी रिकामी, नोकरांचे पगार थकलेले आणि कारभार न सुधारल्यास संस्थान खालसा होण्याचे भय.

माधवरावांनी घाई केली नाही. प्रथम हिशेब लावले, देणी भागविली आणि मग जाचक बाबींना हात घातला. मिरीचा सरकारी मक्ता १८६० मध्ये व तंबाखूचा १८६३ मध्ये उठला. १८६५ च्या व्यापारी करारामुळे ब्रिटिश मुलूख, कोचीन व त्रावणकोर यांमधील जकातीचे अडसर दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांस तिचे मालकी हक्क मिळाले. आज ज्या केरळी शेतकऱ्याची जमीन त्याच्या नावावर आहे, त्याच्या हक्काचे एक मूळ या जाहीरनाम्यात सापडते. चुलते व्यंकटराव यांच्या दिवाणगिरीत जलमार्गासाठी कालवे खोदले गेले होते. पुतण्याच्या कारकीर्दीत वरकल्याचा डोंगर पोखरून तो जलमार्ग पुढे जोडण्याचे काम हाती घेतले गेले. शाळा, दवाखाने, रस्ते, न्यायालये यांकडेही त्यांनी सारखेच लक्ष पुरविले. १८६६ मध्ये सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

चरित्र लिहिताना उणे झाकणे योग्य नव्हे. नाडार स्त्रियांनी अंगभर वस्त्र नेसण्याच्या हक्कासाठी जो लढा दिला, तो माधवरावांच्या दिवाणगिरीच्या आरंभीच पेटला. १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, परंतु वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेण्याची नव्हे. हिशेबात अचूक असणारा हा प्रशासक तेथे आपल्या काळाच्या पुढे गेला नाही.

१८७२ मध्ये महाराजांशी मतभेद झाले. हे महाराज एके काळी त्यांचेच विद्यार्थी. माधवराव पदावरून शांतपणे दूर झाले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा चालून आली, ती त्यांनी घेतली नाही. नंतर काही काळ इंदूरला तुकोजीराव होळकरांचे दिवाण म्हणून काम करून १८७५ मध्ये ते बडोद्यास आले.

मल्हारराव गायकवाड पदच्युत झालेले, सावकारांचा व इजारदारांचा सुळसुळाट झालेला, अशा स्थितीत त्यांनी बडोद्याची घडी बसविली. कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला होता. त्याच्यासाठी माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती मायनर हिंट्स या नावाने प्रसिद्ध झाली. हाच मुलगा पुढे महाराजा सयाजीराव म्हणून देशभर कीर्तिमान झाला. १८७७ च्या दिल्ली दरबारात माधवरावांना राजा हा किताब मिळाला; १८८१ मध्ये बडोदा कॉलेज सुरू झाले. महाराजांच्या हाती अधिकार आल्यावर १८८२ मध्ये माधवराव तेथूनही निवृत्त झाले. दोन शतके दक्षिणेत राहिलेल्या घराण्यातील हा पुरुष अशा रीतीने मराठी राज्यांच्या सेवेसाठी दोनदा उत्तरेकडे आला आणि काम आटोपताच मद्रासला परतला. तेच त्यांचे घर होते.

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले.

घराण्याची परंपरा मात्र येथे थांबली नाही. चुलतबंधू रघुनाथराव यांनी इंदूरची दिवाणगिरी केली, विधवाविवाहाचा कैवार घेतला आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने सामाजिक परिषदेची उभारणी केली. चिरंजीव आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आहे. त्या चौकासच लोक स्टॅच्यू म्हणतात. रोज बसचे तिकीट काढताना हा शब्द उच्चारणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल की हा पुतळा एका मराठी माणसाचा आहे? आम्हांस याचे वैषम्य वाटत नाही. त्या भूमीने त्यांना पाहुणा न मानता आपले मानले, याचीच ती खूण होय. आपली मुले येथेच वाढली, येथलीच झाली, अशी खंत मंडळात पुष्कळदा कानी पडते. तंजावरच्या या घराण्याने घरात मराठी राखली आणि दारातल्या माणसांचे काम मन लावून केले. या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. आपणांसही दिसू नये. या कर्तबगार घराण्यास आमचे विनम्र अभिवादन.