रॅमसे मॅकडोनाल्ड

जेम्स रॅमसे मॅकडोनाल्ड (१२ ऑक्टोबर १८६६ – ९ नोव्हेंबर १९३७) हे ब्रिटनचे पहिले मजूरपक्षीय पंतप्रधान होते. स्कॉटलंडमधील लॉसीमाउथ येथे एका मोलकरणीच्या पोटी त्यांचा जन्म झाला. वडील शेतमजूर होते. कामगार संघटनांच्या पाठबळावर १९०० साली स्थापन झालेल्या व १९०६ पासून मजूर पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समितीचे ते पहिले चिटणीस होत. १९२४ व १९२९ मध्ये ते पंतप्रधान झाले.

१९३१ च्या आर्थिक संकटात त्यांनी बेकारभत्त्यात १० टक्के कपात सुचवली. कामगार संघटनांनी विरोध केला आणि मंत्रिमंडळ दुभंगले. तेव्हा हुजूर व उदारमतवादी पक्षांसह त्यांनी राष्ट्रीय सरकार बनवले. मजूर पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. त्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षाला अवघ्या ५२ जागा मिळाल्या. पुणे करारास कारणीभूत ठरलेला १९३२ चा जातीय निवाडा त्यांनीच जाहीर केला. १९३५ मध्ये सीहॅम या खाणकामगारांच्या मतदारसंघात मजूर पक्षाच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला.

समर्थकांच्या मते त्यांनी देशहित जपले. टीकाकारांच्या मते ज्या कामगारांच्या वर्गणीवर पक्ष उभा राहिला, त्यांचेच प्रतिनिधित्व त्यांनी सोडले.