फादर थॉमस स्टीफन्स : विश्वासांगीकार आणि पुराण



दर रविवारी प्रवचनानंतर आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. दोन मिनिटांत तो संपतो. आपली श्रद्धा तेवढीच आहे का? चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील साष्टी भागात असाच प्रश्न उभा राहिला आणि त्यातून मराठीतला एक थोर ग्रंथ जन्मला.

त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. त्या काळी तेथे कॅथलिक राहणे जोखमीचे होते. रोमला जाऊन १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मधील मरणापर्यंत, त्यांनी येथेच सेवा केली. कोंकणी आणि मराठी त्यांनी आपल्याशा केल्या.

नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक रचले. विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा असे सारे त्यात होते. १६२२ साली ते छापून निघाले. पण लोकांची भूक एवढ्याने भागत नव्हती. पोर्तुगीज अमलात जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली होती. मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असे एका ब्राह्मण नवख्रिस्ती माणसाने विचारले. हा प्रसंग फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच गुंफला आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण. सुमारे ११ हजार ओव्या! पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. ज्ञानेश्वरांची ओवी, आपल्या आयाबायांच्या जात्यावरची ओवी फादरांनी शुभवर्तमानासाठी निवडली. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण जपले. १९०७ साली ते तेथे पुन्हा छापले गेले.

बंधुभगिनींनो, विश्वासांगीकारात एक जागा नीट पाहा. पवित्र मरियेच्या पोटी जन्म झाल्याचे आपण म्हणतो आणि लगेच पिलाताच्या अमलातील दुःखसहनाकडे येतो. मधल्या काळातले आंधळ्याला दिलेले डोळे, उधळ्या पुत्राची गोष्ट, पाच भाकरी हे सारे कोठे आहे? पवित्र शास्त्रात. विश्वासांगीकार हा माळेचा दोरा आहे, शास्त्रातील कथा हे मणी. दोरा नसेल तर मणी विखुरतात, ज्याला जसा हवा तसा तो अर्थ लावतो. मणी नसतील तर हातात नुसता दोरा राहतो. फादर स्टीफन्स यांनी लोकांना दोन्ही दिले.

आपल्यापैकी अनेकांना विश्वासांगीकार तोंडपाठ आहे, पण घरातले बायबल कपाटात आहे. मार्ककृत शुभवर्तमानाचे अध्याय फक्त १६. रात्री जेवणानंतर एकाने मोठ्याने एक अध्याय वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. सोळा दिवसांनी विश्वासांगीकार म्हणताना त्या मधल्या जागेत प्रभू येशू चालताना, बोलताना दिसू लागेल.

प्रभू आपणां सर्वांना त्याच्या वचनाची गोडी देवो.