कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

नाशिक शहर आपल्या वाचकांस परकें नाहीं. त्याच नाशकांत १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांच्या घरीं एक कन्या जन्मली. तिचें नांव कॉर्नेलिया. रे. सोराबजी हे मूळचे पारशी. तरुणपणीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला व त्यापायीं स्वजनांचा पुष्कळ छळ सोसला. त्यांच्या पत्नी फ्रान्सिनाबाई यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढिली. विद्येच्या बाबतींत मुलगा व मुलगी असा भेद त्या घरांत नव्हता.

परंतु बाहेर तो होता. मुंबई विद्यापीठ स्त्रियांस घेत नसे. कॉर्नेलियाच्या वडील बहिणींसाठीं पित्यानें केलेली खटपट व्यर्थ गेली. पुढें हें बंधन सुटलें, तेव्हां सोळा वर्षांची कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाली. त्या पुरुषांच्या कॉलेजांत शिकणारी ती पहिलीच स्त्री. कांहीं विद्यार्थी तिच्या तोंडावर वर्गाचें दार लावून घेत. तरी तिनें वर्ग सोडला नाहीं.

तिचा विषय इंग्रजी वाङ्मय हा होता. कोणी म्हणेल, परदेशी कवींचीं काव्यें व नाटकें वाचून मुलीस काय मिळणार? पण हा अभ्यास म्हणजे केवळ गोष्टी वाचणें नव्हे. एकेक शब्द तोलावा लागतो. नाटकांतील पात्र असें कां बोललें, हें त्याच्या मनांत शिरून ओळखावें लागतें. आणि जें समजलें तें दुसऱ्यास पटेल असें लिहून दाखवावें लागतें. ज्यास हें साधलें, त्यास दुसऱ्याचें दुःख दुसऱ्याच्या जागीं उभें राहून सांगतां येतें.

सन १८८७ मध्यें कॉर्नेलियाबाई पदवीच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उतरल्या व इलाख्यांत त्यांचा पहिला नंबर आला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. असें यश मिळविणारास विलायतेंत शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळत असे. ती त्यांस नाकारण्यांत आली. कारण एकच, त्या स्त्री होत्या.

हा अन्याय उघड होता. पण बाई रुसून घरीं बसल्या नाहींत. अहमदाबादेच्या गुजरात कॉलेजांत त्या इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागल्या. पुण्यास ज्यांच्यासारख्यांनीं दार लावून घेतलें होतें, तशाच तरुणांचा वर्ग आतां त्यांच्यापुढें बसून धडे घेऊं लागला! इकडे इंग्लंडांत लेडी हॉबहाउस यांनीं त्यांच्यासाठीं वर्गणी जमविली. तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. सन १८८९ मध्यें बाई ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसल्या. त्या परीक्षेस बसलेली ही पहिली स्त्री. तथापि ऑक्सफर्ड तेव्हां स्त्रियांस पदवी देत नसे. ती हातीं पडण्यास १९२२ साल उजाडलें. म्हणजे तीस वर्षें लोटलीं.

हीं तीस वर्षें त्यांनीं वाट पाहण्यांत घालविलीं नाहींत. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स खात्यांत त्यांची नेमणूक झाली. थोरामोठ्यांच्या घरीं पडद्यांत राहणाऱ्या विधवा परपुरुषापुढें येत नसत. त्यामुळें वकिलाशीं बोलणें नाहीं, कचेरीची पायरी चढणें नाहीं. कारभारी पुढें करील त्या कागदावर निशाणी करावयाची. त्यांत काय लिहिलें आहे हें ठाऊक नसे. बाई त्यांच्या अंतःपुरांत जात, त्यांची हकीकत ऐकत व ती कायद्याच्या भाषेंत सरकारापुढें मांडीत. अशा सहाशेंहून अधिक स्त्रियांस व पोरक्या मुलांस त्यांनीं साह्य केलें. वाङ्मयही सुटलें नाहीं. ह्या स्त्रियांच्या जीवनावर त्यांनीं इंग्रजींत पुस्तकें लिहिलीं.

त्यांचीं सर्वच मतें आपल्या लोकांस रुचलीं नाहींत. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं विरोध केला, व त्यामुळें त्या पुष्कळांच्या मनांतून उतरल्या. चरित्र सांगणारानें हेंही लपवूं नये. ६ जुलै १९५४ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं एखादी हुशार मुलगी शाळेंतून काढून भांगलणीस पाठविली, तर तिचा बाप विचारतो, शिकून हिला कोण नोकरी देणार? त्यास ही हकीकत सांगा. कॉर्नेलियाबाईंची शिष्यवृत्ति सरकारानें नाकारिली, पदवी तीस वर्षें अडून राहिली. परंतु जें शिकलें तें कोणास काढून घेतां आलें नाहीं, आणि त्याचा लाभ कागद वाचतां न येणाऱ्या शेंकडों जणींस झाला. एवढें सांगून त्या मुलीचें नांव उद्यांच पुन्हां हजेरींत घालवून घ्या.