शिल्लक न जुळलेला कॅशियर

ऋतुपर्ण घोष यांचा 'रेनकोट' (2004) हा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील पावसाळी दुपार नक्की आठवत असेल. नोकरी गेलेला मनोज भागलपूरहून कलकत्त्यास मित्रांकडे पैसे मागायला येतो आणि जिच्यावर एके काळी त्याचे प्रेम होते त्या नीरूच्या घरी जातो. अंधाऱ्या खोलीत दोघे समोरासमोर बसतात आणि दोघेही खोटे बोलतात. आपला धंदा जोरात चालला आहे असे तो सांगतो, आपला नवरा श्रीमंत आहे असे ती सांगते. शेवटी तो तिचे थकलेले घरभाडे गुपचूप भरून टाकतो आणि ती त्याच्या रेनकोटच्या खिशात गुपचूप आपले दागिने ठेवते.

या चित्रपटाचे बीज ओ. हेन्रीच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' या कथेत आहे. बायको आपले केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेते आणि नवरा घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या घेतो, ती ही गोष्ट. ती वाचली तेव्हा, लिहिणारा बँकेत कॅशियर होता आणि अफरातफरीच्या आरोपावरून तुरुंगात गेला होता, हे मला ठाऊक नव्हते. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला याचे कुतूहल वाटणारच.

त्याचे खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म 1862 साली, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, ग्रीन्सबरो येथे. तीन वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. काकाच्या औषधांच्या दुकानात तो काम शिकला. 1882 साली टेक्सासला गेला, मेंढ्यांच्या कुरणावर राहिला, पुढे ऑस्टिन शहरात स्थायिक झाला. 1887 मध्ये अ‍ॅथोल एस्टेस या मुलीशी त्याने पळून जाऊन लग्न केले. तिलाही क्षयाची बाधा होती. नकाशे काढण्याची सरकारी नोकरी संपल्यावर 1891 मध्ये तो ऑस्टिनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत लागला.

येथून हिशेब बिघडला. त्या बँकेचा कारभार फार ढिला होता, असे चरित्रकार सांगतात. 1894 मध्ये रोख रकमेत तूट निघाली आणि पोर्टरची नोकरी गेली. 'रोलिंग स्टोन' हे त्याचे विनोदी साप्ताहिक वर्षभरात बंद पडले. तो ह्यूस्टनला एका वृत्तपत्रात लिहू लागला, तोच 1896 मध्ये त्याला अटक झाली. सासऱ्याने जामीन भरला. खटल्यासाठी ऑस्टिनला निघालेला पोर्टर वाटेतूनच न्यू ऑर्लिन्सला व तेथून होंडुरासला पळाला.

त्याने पैसे घेतले की नाही, यावर आजही वाद आहे. शिल्लक कमी भरली म्हणजे कॅशियरने चोरीच केली असे होत नाही, हे आपण ऑडिटच्या पहिल्या धड्यात शिकतो. परंतु पळून गेलेल्या कॅशियरची बाजू कोण ऐकून घेणार? माझ्या मते त्याने स्वतःचा खटला त्या प्रवासातच गमावला.

मागे अ‍ॅथोल आजारी होती. त्या नाताळात तिने लेसचा एक रुमाल विणला, तो पंचवीस डॉलरना विकला आणि त्या पैशांतून होंडुरासला एक पेटी पाठवली. पेटीत त्याचा ओव्हरकोट होता, अत्तर होते, खाऊ होता. पेटी भरताना तिच्या अंगात 105 अंश ताप होता, हे त्याला महिनाभराने कळले. कळताच तो अटकेची पर्वा न करता परतला. जुलै 1897 मध्ये ती वारली. पुढे कथेत केस विकणारी बायको त्याने कोठून आणली असेल, ते प्रत्येकाने आपापले ठरवावे.

1898 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. रक्कम होती सुमारे साडेआठशे डॉलर! ओहायोच्या तुरुंगात औषधे बनवण्याची जुनी विद्या कामी आली. तो तुरुंगाच्या दवाखान्यात रात्रपाळी करी आणि कथा लिही. त्या न्यू ऑर्लिन्सच्या एका मित्रामार्फत संपादकांकडे जात, म्हणजे पाकिटावर तुरुंगाचा पत्ता दिसत नसे. मार्गारेट ही त्याची लहान मुलगी आजी-आजोबांकडे होती. बाबा कामासाठी दूरगावी आहेत, एवढेच तिला सांगितले होते. चांगल्या वर्तणुकीमुळे 1901 मध्ये तो सुटला.

1902 पासून न्यूयॉर्क. 'वर्ल्ड' या वृत्तपत्रासाठी तो आठवड्याला एक कथा लिही. एका कथेचे शंभर डॉलर मिळत, पण हातात पैसा टिकत नसे आणि दारू सुटत नसे. 'मॅजाय' डिसेंबर 1905 मध्ये तेथेच छापून आली. नाव सर्वत्र झाले, पण हा ओ. हेन्री म्हणजे कोण, हे तो कोणाला कळू देत नसे.

त्याच सुमारास सारा कोलमन या बालपणीच्या मैत्रिणीशी पत्रे सुरू झाली. दोघे पुन्हा भेटले आणि नोव्हेंबर 1907 मध्ये लग्नही झाले. 'रेनकोट'मधल्या जोडप्याला जे मिळाले नाही ते यांना मिळाले, असे वाटते ना? दोन वर्षांत ती त्याला सोडून गेली. 5 जून 1910 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला, सत्तेचाळीसाव्या वर्षी. दफन मात्र नॉर्थ कॅरोलिनात, अ‍ॅशव्हिल येथे झाले.

1916 मध्ये त्याचा बालमित्र अल्फॉन्सो स्मिथ याने चरित्र लिहिले, तेव्हा कोठे वाचकांना त्याच्या तुरुंगवासाची हकिकत समजली. त्या लेसच्या रुमालाची नोंदही त्याच पुस्तकात आहे.