एका छपराखालच्या दोन चुली

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे थेट चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले, आणि त्यांच्यामागोमाग भाड्याच्या दोन खोल्यांतले संसार आले. लातूरकडचा मुलगा आणि विदर्भातली मुलगी एकमेकांची निवड करून एका छपराखाली राहू लागतात. घरमालक लग्नाचा दाखला मागतो, आडनावावरून जात ताडतो. परंतु खरे अवघड प्रश्न दार लावून घेतल्यावर उभे राहतात. देव कोणाचे, स्वयंपाक कोणाच्या रीतीचा, आणि मनाला न पटणारी गोष्ट सोबत्यासाठी किती सोसायची? हे प्रश्न कारखानदारीने आणले, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अहमदनगरात एका बाईने त्यांचा निकाल आपल्या पद्धतीने लावला होता.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते, आणि गृहस्थ म्हणून अत्यंत बेभरवशाचे होते. हाती आलेला पैसा देऊन टाकावा, मनात येईल तेव्हा बायकोला कोठेतरी ठेवून निघून जावे, हा त्यांचा क्रम. बायकोला लिहावाचायला शिकवणारेही तेच, हेही नोंदवले पाहिजे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीची संमती नव्हती. पदरी लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जाण्याचे नाकारले आणि जवळजवळ पाच वर्षे पंढरपुरात व अन्यत्र नातेवाइकांच्या आधाराने काढली.

त्या काळचा कायदा या ठिकाणी लक्षात घेण्याजोगा आहे. धर्मांतरित जोडीदाराजवळ राहण्यास दुसऱ्याने धर्माच्या कारणावरून नकार दिल्यास धर्मांतरिताला विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने केलेली होती. उलटपक्षी, नांदायला न जाणाऱ्या रखमाबाईला मुंबईच्या न्यायालयाने १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे फर्मावले होते. म्हणजे घर मोडण्याचा आणि घर लादण्याचा, असे दोन्ही मार्ग उपलब्ध होते. टिळकांनी दोहोंपैकी एकही धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. संसारात त्यांच्या हातून घडलेली ही बहुधा सर्वांत मोठी गोष्ट असावी.

लक्ष्मीबाई अखेर अहमदनगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेओवळे पूर्वीचेच. नवऱ्यावरची माया एकीकडे आणि त्याच्या धर्माविषयीची शिसारी दुसरीकडे, अशा अवस्थेत त्यांनी तो संसार पुन्हा मांडला. आजच्या वाचकाला या सोवळ्याचा राग येईल, आणि तो रास्त आहे; त्या विटाळाच्या कल्पनेखाली माणसे भरडली जात होती. तथापि त्या बाईची स्थिती पाहावी. माहेर, सासर, देव, जात यांपैकी तिच्या हाती उरलेले असे त्या चुलीखेरीज काय होते? तीही नवऱ्याच्या स्वाधीन केली असती, तर ते सहजीवन झाले नसते, शरणागती झाली असती.

वेगळी चूल फार काळ टिकली नाही. ती टिळकांनी विझवली नाही, मिशनऱ्यांनीही नाही. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, कोणाच्याही हातचे खाण्याचे ठरवले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. घर मग इतके मोकळे झाले की कोण आप्त आणि कोण परका याचा हिशेब उरला नाही. तरुण बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला गेल्या. भांडणे मात्र संपली नाहीत. टिळकांचा संताप तसाच, दातृत्व तसेच, आणि बाईंची जीभही तितकीच धारदार. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली, तेव्हा संसार आवरण्याची जबाबदारी पुन्हा कोणावर आली हे सांगावयास नको.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांनी हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ज्या धर्मापायी पाच वर्षांचा विरह सोसला, त्याच धर्माच्या संस्थापकाचे ते चरित्र. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले, आणि त्याच सुमारास दोघांच्या संसाराची हकीकत सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो त्या दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला.